धामच्या काठावर कुराण

अमरावती-वर्धा भागातल्या बऱ्याच गावांत दिवस मावळला की माणसं सामुदायिक प्रार्थनेला रांगेत बसतात. समोर मूर्ती नसते, अधिष्ठान म्हणजे मांडलेलं आसन असतं. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि ही प्रार्थना खेड्यापाड्यांत नेली. सगळे धर्म आपले, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला तिथेच ऐकू आलं. पण दुसऱ्याचा धर्मग्रंथ हिंदूने वाचायचा कसा, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

उत्तर म्हणून ऋग्वेदातलं ‘एकं सद् विप्रा बहुधा वदन्ति’ हमखास सांगितलं जातं. मूळ ऋचेत बोलणं चाललंय ते इंद्र, मित्र, वरुण, अग्नी यांच्याबद्दल. बायबल-कुराणापर्यंत तिचा अर्थ आपण पुढे वाढवला. वाढवला ते बरंच झालं, पण नुसती ऋचा म्हटल्याने कुराण वाचून होत नाही.

माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गेलेले, तरी प्रचंड लिहून गेले. त्यांचा समन्वय असा की, इतर मतांना वैदिक विचारातच जागा द्यायची. भूमिका प्रेमाचीच, तरी त्यात घर आपलं आणि बाकीचे पाहुणे.

विनोबा १९३८ मध्ये पवनारला, धाम नदीकाठी राहायला आले. गीता मराठीत आणणारा हा माणूस कुराणासाठी अरबी शिकला. भाषांतरावर भागवलं नाही. त्यांचं ‘कुराण-सार’ १९६२ मध्ये आलं. त्यांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ केलं, धम्मपदाची नवी मांडणी केली. जैनांच्या सर्व पंथांना मान्य असा एक ग्रंथ व्हावा, या त्यांच्या आग्रहातून ७५६ गाथांचं ‘समणसुत्तं’ तयार झालं.

सार काढणं ही आपली जुनी सवय. एकनाथांनीही भागवतातला अकरावा स्कंध निवडून त्यावर लिहिलं. श्रद्धाळू मुसलमानाला मात्र कुराणातला शब्दन् शब्द ईश्वराचा. बाहेरच्याने त्यातून वेचून घेणं त्याला खटकू शकतं, आणि ते खटकणं मला रास्त वाटतं. तरीही विनोबांची वाट मला जास्त पटते. ते आधी त्या ग्रंथाच्या भाषेचे विद्यार्थी झाले, मग त्याबद्दल बोलले.

पवनारच्या नाममालेत, म्हणजे देवाच्या नावांच्या प्रार्थनेत, राम-कृष्णांच्या शेजारी रहीम आहे, ईशूचा पिता आहे, चिनी परंपरेतला ताओ आहे. ‘ब्रह्म मज्द तू, यह्व शक्ति तू’ ही ओळ मी लहानपणापासून म्हणत आलो. त्यातला मज्द पारशांचा आणि यह्व ज्यूंचा, हे कळायला कितीतरी वर्षं जावी लागली.