समता व समावेशन प्रशिक्षण (युवा मानसिक आरोग्यसेवा)

किशोरवयीन आणि तरुणांना मानसिक आरोग्यसेवा देणाऱ्यांसाठीचे व्यावसायिक प्रशिक्षण; येथे ते मुख्यतः मुंबईच्या संदर्भात पाहिले आहे. जात, वर्ग, लिंगभाव, लैंगिक कल, धर्म, भाषा आणि अपंगत्व यांमुळे एकाच दवाखान्यात दोघांना मिळणाऱ्या सेवेत जो फरक पडतो, तो ओळखणे व कमी करणे हा त्याचा विषय. समुपदेशक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, वैद्यकीय समाजसेवक, परिचारिका, महाविद्यालयीन समुपदेशन कक्षाचे कर्मचारी आणि हेल्पलाइनवर फोन घेणारे असे सर्व जण त्याच्या कक्षेत येतात. वयोमर्यादा मात्र एकसारखी नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षे धरतो, तर २०१४ चे राष्ट्रीय युवा धोरण १५ ते २९. मुंबईत दोन्ही मोजपट्ट्या शेजारी शेजारी वापरल्या जातात.

उगम. या प्रशिक्षणाची वैचारिक मुळे साधारणतः १९८० च्या दशकातील अमेरिकेत शोधली जातात. टेरी क्रॉस व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातर्फे सांस्कृतिक सक्षमतेवर (वेगवेगळ्या संस्कृतींतील लोकांना योग्य सेवा देण्याच्या क्षमतेवर) एक प्रबंधिका प्रसिद्ध केली. तिचा मूळ विषय तीव्र भावनिक अडचणी असलेली अल्पसंख्याक समाजांतील मुले हा होता. पुढे ही कल्पना रुग्णालये, कंपन्या, विद्यापीठे असा प्रवास करत गेली आणि तिचा जन्म मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेत झाला हे बहुतेकांच्या विस्मरणात गेले. प्रबंधिकेत संस्थांसाठी सहा पायऱ्यांची उतरंड आहे. सर्वांत खाली उघड विध्वंसक वागणूक, सर्वांत वर प्रावीण्य. तिसरी पायरी ‘सांस्कृतिक अंधत्वा’ची, म्हणजे आपण सर्वांना सारखेच वागवतो असे मानणाऱ्या संस्थेची. ‘आमच्याकडे जातपात कोणी विचारत नाही’ हे मुंबईत हमखास ऐकू येणारे वाक्य याच पायरीवरचे आहे.

१९९८ मध्ये मेलनी टर्व्हालोन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी सक्षमतेऐवजी सांस्कृतिक नम्रतेची मांडणी केली. परक्या समाजाबद्दलचे ज्ञान एकदाच मिळवून संपत नाही, सेवा देणाऱ्याने स्वतःला तपासत राहावे, असे त्यांचे म्हणणे. न्यूझीलंडमध्ये तेथील मूलनिवासी माओरी समाजातील परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस सांस्कृतिक सुरक्षिततेचा विचार पुढे आणला होता. सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणाऱ्याने ठरवायचे, हा त्याचा गाभा. तिन्हींमध्ये हा विचार सर्वांत कठोर आहे, आणि भारतीय परिस्थितीला तो अधिक जवळचा वाटतो. कारण येथे जातीचा अनुभव असणारा आणि नसणारा एकाच भाषेत बोलत असले, तरी एकाच प्रश्नाचा अर्थ दोघांना वेगळा लागतो.

मुंबईतील परंपरेचा आरंभ कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. एक मत त्याला १९३७ पर्यंत मागे नेते. त्या सुमारास सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालयाने (आजची टाटा समाजविज्ञान संस्था, स्थापना १९३६) सुरू केलेले बालमार्गदर्शन केंद्र देशातील पहिले मानले जाते. परंतु त्या काळच्या बालमार्गदर्शनाचा भर मुलाने घराशी व शाळेशी जुळवून घेण्यावर होता. घर किंवा शाळाच अन्याय करत असेल तर काय, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता. दुसरे मत हा आरंभ स्त्री-चळवळीत पाहते. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने मुंबई पोलिसांच्या आवारात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. २०००-०१ च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही आरोग्यविषयक संशोधन करणारी संस्था यांनी मिळून घरगुती हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. तिसरे मत समलैंगिक व पारलिंगी समूहांच्या कामाला प्राधान्य देते. १९९४ मध्ये स्थापन झालेला हमसफर ट्रस्ट, १९९५ पासूनचा ‘लेबिया’ हा समलैंगिक व उभयलैंगिक स्त्रियांचा गट आणि अलीकडे, २०१९ च्या सुमारास, मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या मानसिक आरोग्य क्षेत्रातील संस्थेने सुरू केलेला क्विअर-समर्थक (समलैंगिक, पारलिंगी इत्यादींच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या) समुपदेशनाचा अभ्यासक्रम या मतात येतात.

यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. ‘दिलासा’मध्ये बाहेरून व्याख्याता आणून दिवसभराचे शिबिर घेण्यावर भागवले गेले नाही. रुग्णालयातल्याच परिचारिका, डॉक्टर आणि समाजसेवक यांना प्रशिक्षक म्हणून घडवले गेले. अपघात विभागात ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या बाईला पुढचा प्रश्न कसा विचारायचा, केसपेपरवर काय नोंदवायचे, सासू शेजारी उभी असताना तिला बाजूला कसे घ्यायचे, हे तेथे शिकवले जाई. पुढे हे प्रारूप महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेले. आज तरुणांच्या सेवेसाठी जे शिकवले जाते त्यातील बराचसा भाग, विशेषतः एकांत, नोंद आणि पालकांची उपस्थिती यांविषयीचा, याच वळणाचा आहे. क्विअर समूहांनी त्यात एक मोलाची भर घातली: सेवा घेणाऱ्या समाजातील व्यक्तीच प्रशिक्षक असावी, हा आग्रह त्यांचा.

कायदेशीर आधार. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) च्या कलम १८ नुसार लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात, सामाजिक वा राजकीय मते, वर्ग, अपंगत्व किंवा अन्य कोणत्याही कारणाने भेदभाव न होता सेवा मिळणे हा हक्क आहे. कलम ३० मध्ये पोलिसांसह शासकीय अधिकाऱ्यांना वेळोवेळी संवेदनशीलतेचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्यामुळे डॉक्टरांपुरता तरी हा भाग सदिच्छेचा उरला नाही.

अठरा वर्षांखालील मुलांबाबत गुंता वाढतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) च्या कलम १९ प्रमाणे अपराधाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि परस्परसंमतीचे संबंधही त्यातून सुटत नाहीत. सतरा वर्षांची मुलगी दुसऱ्या जातीच्या मुलाबद्दल बोलू लागली, तर समुपदेशकाने तिला आधी काय सांगायचे? प्रशिक्षणात यावर बराच वेळ जातो. गुपित कोठपर्यंत गुपित राहील हे पहिल्याच भेटीत, तिने काही सांगण्यापूर्वी, साध्या शब्दांत सांगावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. जातीबाहेरच्या किंवा धर्माबाहेरच्या संबंधांत घरचेच तक्रारदार होतात, म्हणून समान दिसणाऱ्या या नियमाचा भार समान पडत नाही.

आशय व पद्धती. कार्यशाळा एक दिवसाची असते किंवा अनेक महिन्यांत विभागलेली. पूर्वग्रहांची ओळख, कायदा, भाषा, प्रकरण-चर्चा आणि भूमिकानाट्य हे नेहमीचे घटक. सर्वांत परिचित (आणि सर्वांत वादग्रस्त) प्रयोग ‘एक पाऊल पुढे’ हा. प्रशिक्षणार्थींना एका ओळीत उभे करून विधाने वाचली जातात: घरात अभ्यासाला वेगळी जागा होती, आई-वडिलांपैकी एक जण तरी पदवीधर होता, आडनाव सांगताना कधी अडखळावे लागले नाही. ज्याला विधान लागू पडेल त्याने पाऊल पुढे टाकायचे. थोड्याच वेळात ओळ विस्कटते आणि कोण कोठून आला ते सर्वांना दिसते. आक्षेप असा की, मागे राहिलेल्या एक-दोन दलित, आदिवासी किंवा मुस्लिम सहकाऱ्यांना इतरांच्या शिक्षणाचे साधन व्हावे लागते, तेही वरिष्ठांसमोर. म्हणून काही प्रशिक्षक स्वतःच्या आयुष्याऐवजी काल्पनिक पात्रांची कार्डे वाटतात. हा बदल योग्यच म्हणावा लागेल.

मुंबईच्या संदर्भात जागेचा प्रश्न वेगळा शिकवावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. ‘रोज वीस मिनिटे शांत खोलीत बसून मनात येणारे विचार वहीत लिही’ हा सल्ला गोवंडी किंवा मानखुर्दच्या एका खोलीत सहा जणांसह राहणाऱ्या मुलाला देऊन उपयोग नाही. वही भावाच्या हाती पडते. फोनवरचे समुपदेशन तो जिन्यात किंवा सार्वजनिक नळाजवळ उभा राहून घेतो आणि मध्येच ‘हो, नोट्स उद्या देतो’ असे बोलू लागतो. अशा वेळी ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारणे, फोन तुटल्यास परत कोणी करायचा हे आधीच ठरवणे, ही कौशल्ये पूर्वग्रहांच्या व्याख्यानाइतकीच महत्त्वाची ठरतात. ‘आडनाव काय?’ या प्रश्नाचेही तसेच. अर्ज भरणाऱ्याला तो रकान्याचा भाग वाटतो. समोरच्याला जातीची चौकशी वाटते, आणि अनुभवाने ती बहुधा तशीच असते.

उच्च शिक्षण संस्था. २०१९ मध्ये मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात आदिवासी समाजातील निवासी डॉक्टरचा आणि २०२३ मध्ये शहरातील एका तंत्रशिक्षण संस्थेत दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. त्यानंतर समुपदेशन कक्षांतील जातीय जाणिवेचा प्रश्न ऐरणीवर आला. राखीव जागेवर आलेल्या विद्यार्थ्याचा ताण ‘अभ्यास झेपत नाही’ एवढ्यावर मिटवणे ही या कक्षांवरची मुख्य टीका. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत १५ मार्गदर्शक निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, अध्यापक व इतर कर्मचाऱ्यांचे वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण व्हावे आणि वंचित समाजगटांतील, अपंग व समलैंगिक-पारलिंगी विद्यार्थ्यांशी भेदभावरहित वागण्याची त्यांची तयारी करून घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. योग्य कायदा किंवा नियामक चौकट होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत.

परिणामकारकता. प्रशिक्षणाने प्रशिक्षणार्थींचे ज्ञान व दृष्टिकोन सुधारतात याविषयी फारसा वाद नाही. सेवा घेणाऱ्याच्या प्रकृतीत त्यामुळे फरक पडतो, याचा पुरावा मात्र बराच दुबळा आहे. अप्रकट (स्वतःच्याही नकळत मनात असलेल्या) पूर्वग्रहांवरील जवळजवळ ५०० अभ्यासांच्या २०१९ मधील एकत्रित विश्लेषणात मोजणीतील पूर्वग्रह कमी झाला तरी वागणूक त्याबरोबर बदलल्याचे दिसले नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) महानगरांतील १३ ते १७ वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण १३.५ टक्के आढळले. पण सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हा आकडा मुंबईला लावताना सावधगिरी हवी. कार्यशाळेनंतर अर्ज, वेळापत्रक आणि शुल्क जसेच्या तसे राहिले तर बदल टिकत नाही, हे मत अनुभवी प्रशिक्षकांत प्रबळ आहे. सकाळी दहा ते एक चालणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात कमावत्या तरुणाला येताच येत नाही. तेथे समुपदेशकाचा दृष्टिकोन कितीही उदार असला तरी फरक पडत नाही.

अपंगत्व. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर हा विषय अभ्यासक्रमांत आला, तरी त्याला सहसा एखादेच सत्र मिळते. कर्णबधिर तरुणांबाबत सांकेतिक भाषेचा दुभाषी हा मुख्य मुद्दा असतो. वांद्र्यात १९८३ पासून अली यावर जंग ही वाचा व श्रवण अपंगत्वासाठीची राष्ट्रीय संस्था असूनही मानसोपचाराची परिभाषा जाणणारे दुभाषी थोडे आहेत. घरातील व्यक्तीच दुभाषी म्हणून बसली तर मुलगा घराविषयी बोलणार नाही, म्हणून बाहेरचा दुभाषी घ्यावा आणि गोपनीयतेची अट त्यालाही लागू करावी, असे शिकवले जाते.