खंदकातले पाय आणि रात्रीचं ओलीत

भाताची रोवणी सुरू झाली की भंडारा-गोंदियाकडे दिवसभर बांधीत वाकून परे लावणाऱ्या बायांच्या पायांना चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, चिरते, आगआग होते. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांचा विषय निघाला की तिथल्या सैनिकांचं दुखणं म्हणजे याच चिखल्या, चिखलातल्या जंतूंनी त्यांचे पाय सडवले, असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे. चिखल्या वरच्या कातडीत होतात: भिजून मऊ झालेल्या कातडीवर बुरशी वाढते. सैनिकांच्या दुखण्याचं नाव ‘ट्रेंच फूट’, म्हणजे खंदकातला पाय. त्यात इजा आतून, रक्तवाहिन्यांत आणि नसांत होते. तिची सुरुवात करायला जंतू लागत नाहीत.

हे खंदक होते त्या बेल्जियमकडच्या फ्लँडर्सची जमीन सखल आणि चिकणमातीची. थोडं खणलं की पाणी लागायचं आणि पडलेला पाऊस मुरायचा नाही. आपल्या काळ्या कसदार रानात ऑगस्टमध्ये चर खणून पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. १९१४ च्या ऑक्टोबरात ब्रिटिशांच्या फौजेतल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजनचे भारतीय जवान तिथे पोचले, तेही पुरेशा गरम कपड्यांविना. पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यांनी बंदुका घेऊन सज्ज उभं राहायचं. तारा बांधणं, वाळूची पोती रचणं, शिधा आणणं ही कामं रात्री, कारण दिवसा डोकं वर काढलं तर गोळी. मग दिवस जायचा एका जागी, गार पाण्यात पाय ठेवून. बूट काढायची सोय नाही, पोटऱ्यांना लोकरीच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या. पहिल्याच हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात सुमारे २० हजार जणांना या दुखण्यासाठी उपचार घ्यावे लागले.

यासाठी बर्फ पडावा लागत नाही. पाणी हवेच्या सुमारे २४ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे १०-१५ अंशांचं पाणीही पुरतं. पाय गार पडले की मेंदू हृदय आणि पोटाची ऊब राखायला बघतो. विहिरीला पाणी कमी असलं की आपण टोकाच्या वाफ्याचं पाणी तोडतो, तसंच हे. नसांच्या टोकांतून संदेश देणारं रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि तळपायाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. धडधाकट, पोटभर जेवलेल्या माणसात त्या मधूनमधून उघडतात, पायाला थोडं रक्त मिळतं. उपाशी, जागरण झालेल्या, सगळं अंगच गारठलेल्या माणसात हे उघडणं जवळजवळ थांबतं. त्यात माणूस एका जागी उभा. पायातलं अशुद्ध रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते चालतानाच होतं. म्हणजे वरून रक्त येत नाही, खालचं वर जात नाही. ऑक्सिजन नाही म्हणून पेशीत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, पुरेसं तयार होत नाही. एटीपी नाही म्हणून सोडियम बाहेर फेकणारे पंप बंद पडतात. सोडियम आत साचतं, त्याच्यामागे पाणी शिरतं, पेशी फुगते. पाय सुजतो, पण बूट तेवढाच. तो आणखी आवळतो आणि उरलंसुरलं रक्तही अडतं. या सगळ्यात दुखत काहीच नाही, कारण नसा आधीच बधीर झालेल्या असतात. खरी कळ पाय ऊबेला आला की उठते. रक्त एकदम आत येतं, इजा झालेल्या वाहिन्या गळतात, पाय लालभडक होऊन टम्म फुगतो. नसा लवकर भरून येत नाहीत. थंडी सहन न होणं वर्षानुवर्षं राहतं.

पुढे रोज मोजे बदलणं, देवमाशाचं तेल चोळणं, अधिकाऱ्याने पाय तपासणं सक्तीचं झालं आणि रोगी घटले. तेल चोळायच्या निमित्ताने बूट निघायचे आणि पाय कोरडे व्हायचे, माझ्या मते मोठा फायदा तोच. आठवडी बाजारात ‘रक्ताभिसरण वाढवणारे’ चुंबकाचे तळवे विकतात, त्यांचा मात्र काडीचा उपयोग नाही. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत अडकलेलं असतं. असल्या चुंबकाने ते ओढलं जात नाही.

रोवणीचं पाणी कोमट असतं, म्हणून बांधीत ट्रेंच फूट होत नाही. गहू-हरभऱ्याच्या ओलिताचं तसं नाही. शेतीची वीज बरेचदा रात्री मिळते आणि डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे पारा १० अंशांखाली उतरतो. विहिरीचं पाणी निघतं कोमट, पण दांडातून, सऱ्यांतून फिरता फिरता गार होतं. शेतकरी वाचतो तो चालता असतो म्हणून, आणि काम काही तासांचं असतं म्हणून. पाणी भरलेले घट्ट गमबूट घालून दांडाच्या तोंडाशी तासन्‌तास उभं राहिलं, तर खंदकातलीच परिस्थिती तयार होते.

पाय बधीर झाले असतील तर ते शेकोटीपुढे धरायचे नाहीत. बधीर कातडीला चटका कळत नाही. मधुमेहाने नसा बिघडलेल्या असतील तर मुळीच नाही. रगडायचेही नाहीत, फुगलेल्या पेशी त्याने फुटतात. पुसून कोरडे करावेत, घोंगडीत सैल गुंडाळून उशीवर उंच ठेवावेत, आणि अंग गरम करायला चहा घ्यावा. सकाळपर्यंत बधिरपणा गेला नाही, किंवा पाय लाल होऊन फुगला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.