वृद्धाश्रमातील सेवेचे गुणवत्ता-मूल्यमापन

वृद्धाश्रमात कायम राहणाऱ्या व्यक्तींची शुश्रूषा, सुरक्षितता आणि एकंदर राहणीमान कितपत चांगले आहे, हे ठरावीक कसोट्यांवर तपासण्याची पद्धती. तपासणी सरकारी यंत्रणा, अनुदान देणारे खाते किंवा वृद्धाश्रमाचे चालक स्वतः करतात. मराठीत ‘वृद्धाश्रम’ हा शब्द धर्मादाय निवाऱ्यापासून भरघोस मासिक शुल्क घेणाऱ्या खासगी शुश्रूषाकेंद्रापर्यंत सर्वांना सरसकट लावला जातो. ‘नर्सिंग होम’ म्हणजे आपल्याकडे लहान खासगी रुग्णालय, आणि महाराष्ट्र राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाही मुख्यतः अशा रुग्णालयांनाच लागू केला जातो. अमेरिकी लेखनातील नर्सिंग होम मात्र बहुतांशी वृद्धांच्या दीर्घकालीन निवासाची जागा असते. हा भेद नजरेआड झाला की तिकडचे निकष इकडे भलत्याच संस्थांना लावले जातात.

उगम : या पद्धतीच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ रुग्णालयीन सेवेच्या मापनात आहे. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे पुढे काय झाले याचा पाठपुरावा करण्याचा आग्रह धरला होता. पुढे बैरूतमध्ये जन्मलेले व मिशिगन विद्यापीठात अध्यापन करणारे अ‍ॅवेडिस डोनाबेडियन (१९१९–२०००) यांनी १९६६ मधील निबंधात रचना, प्रक्रिया आणि फलित ही त्रयी मांडली. इमारत, मनुष्यबळ व साधने म्हणजे रचना. प्रत्यक्ष काय केले जाते ती प्रक्रिया. आणि त्यातून व्यक्तीची जी अवस्था होते ते फलित. आजच्या जवळजवळ सर्व तपासणी-तक्त्यांमागे हीच विभागणी दिसते.

दुसरे मत ब्रिटिश सामाजिक पाहणीकडे बोट दाखवते. लुईझा ट्वायनिंग १८५० च्या दशकात लंडनमधील दरिद्रीगृहांना भेटी देऊ लागल्या. १८५८ मध्ये या भेटींसाठी मंडळ स्थापन झाले. १८६५-६६ च्या सुमारास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लंडनच्या दरिद्रीगृहांमधील रुग्णकक्षांची चौकशी केली. ही सारी निरीक्षणे होती, त्यांना मापन म्हणणे जरा धाडसाचे. तो टप्पा समाजशास्त्रज्ञ पीटर टाउन्सेंड यांच्या पाहणीत गाठला गेला असे दिसते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ निवासी संस्था पाहिल्या व १९६२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोल्या आणि कर्मचारी यांच्याबरोबरच रहिवाशाला एकांत मिळतो का, स्वतःच्या वस्तू जवळ ठेवता येतात का, हातून काही काम होते का, याकडेही त्यांचे लक्ष होते.

डोनाबेडियन यांचा निबंध मुख्यतः डॉक्टर-रुग्ण व्यवहाराबद्दल होता आणि टाउन्सेंड यांच्यानंतर चार वर्षांनी आला. त्यामुळे परिभाषा रुग्णालयाकडून व विषय सामाजिक पाहणीकडून आला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हा वाद केवळ ग्रंथालयीन नाही. रुग्णालयातून माणूस बरा होऊन घरी जातो, वृद्धाश्रम हेच घर असते. पहिल्या परंपरेतील तक्ता जखमा मोजतो. दुपारचा चहा कोणाच्या वेळेनुसार मिळतो, हे त्यात सहसा येत नाही.

फलितांचे मापन : हा या विषयातील सर्वांत किचकट भाग. निवासी व्यक्तीची प्रकृती उतरणीला लागणे अनेकदा स्वाभाविक असते. म्हणून केवळ घसरण मोजून चालत नाही, सेवा चांगली असती तर टळली असती अशी घसरण वेगळी काढावी लागते. अंथरुणाला खिळलेल्यांना प्रवेश देणाऱ्या संस्थेत शय्याव्रण (बोलीत ‘बेडसोर’) अधिक दिसणारच. त्यामुळे प्रवेशाच्या वेळची अवस्था नोंदवणे ही पहिली अट ठरते. त्यासाठी सिडनी कॅट्झ व सहकाऱ्यांची १९६३ ची सूची आंघोळ, कपडे, शौचास जाणे, उठबस, मलमूत्रावरील ताबा व जेवण या सहा बाबी पाहते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली बार्थेल सूची ० ते १०० गुण देते.

शय्याव्रणाचा धोका ओळखण्यासाठी ब्रेडन मोजपट्टी वापरतात. तिचे गुण ६ ते २३ असून कमी गुण म्हणजे अधिक धोका. १८ किंवा त्याहून कमी गुण आल्यास सामान्यतः व्यक्ती जोखमीत धरतात. प्रत्यक्ष व्रणाच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत कातडी शाबूत असते, पण दाबल्यावरही लाली जात नाही. ही खूण गोऱ्या कातडीवर घडवलेली असून सावळ्या अंगावर ती सहज निसटते. तेथे स्पर्शाने जाणवणारी उष्णता, कडकपणा व दुखरेपणा पाहावा लागतो. आपल्याकडे परदेशी तक्ते जसेच्या तसे वापरताना या गोष्टीकडे हवे तितके लक्ष गेलेले नाही.

वजनातील घट हा तुलनेने स्वस्त व विश्वासार्ह निर्देशक. अमेरिकी नोंदपद्धतीत महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट लक्षणीय मानतात. ५० किलोच्या आजींचे वजन महिन्याभरात अडीच किलोने उतरले, तर चौकशी व्हावी. कारण दातांत, औषधांत, उदासीत किंवा भरवायला माणूस नसण्यात असू शकते. पडण्याच्या घटना मात्र एकट्या वाचू नयेत. माणसाला खुर्चीला बांधून ठेवले की तो पडत नाही आणि आकडा सुधारतो.

तपासणी-व्यवस्था : अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या सल्लागार संस्थेच्या १९८६ च्या अहवालानंतर १९८७ मध्ये नर्सिंग होमसंबंधीचा सुधारणा कायदा झाला. त्यानुसार सरासरी बारा महिन्यांनी, व दोन तपासण्यांत पंधराहून अधिक महिने न जाऊ देता, पूर्वसूचनेविना पाहणी करायची असते. दोषांची तीव्रता व व्याप्ती मिळून बारा श्रेणी होतात. १९९८ पासून माहिती संकेतस्थळावर आली. २००८ च्या अखेरीस एक ते पाच तारे देणे सुरू झाले. ताऱ्यांतील बरीच माहिती संस्था स्वतःच पुरवत. मनुष्यबळाचे आकडे पुढे पगारपत्रकांवरून घेतले जाऊ लागले, हा त्यावरचाच उपाय. मनोविकारावरील औषधांचा अतिवापर मोजताना छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनियाचे) रुग्ण वगळतात, कारण त्यांना ती औषधे लागतातच. साहजिकच हे निदान काही ठिकाणी संशयास्पद रीतीने वाढले आणि २०२३ मध्ये त्याची पडताळणी जाहीर करावी लागली.

जर्मनीचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे २००९ पासून शाळेसारखी श्रेणी दिली जाई, ज्यात १ म्हणजे सर्वोत्तम. देशाची सरासरी उत्तमच्या इतकी जवळ पोहोचली की निवड करण्यास श्रेणी निरुपयोगी ठरली. ठळक अक्षरांतील भोजनपत्रिकेसारख्या बाबींचे गुण शुश्रूषेतील उणिवा झाकून टाकतात, अशी टीका झाली आणि २०१९ मध्ये ती पद्धत बदलली. इंग्लंडमध्ये २००९ पासून कार्यरत असलेला ‘केअर क्वालिटी कमिशन’ हा तपासणी आयोग सेवा सुरक्षित, परिणामकारक, आपुलकीची, गरजेला प्रतिसाद देणारी व सुव्यवस्थापित आहे का, हे पाच प्रश्न विचारतो व चारपैकी एक शेरा देतो.

स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांना प्रश्नावली देता येत नाही. त्यासाठी ब्रॅडफर्ड येथे टॉम किटवुड व कॅथलीन ब्रेडिन यांनी निरीक्षणपद्धती तयार केली. निरीक्षक सामाईक दालनात तासन्‌तास बसून दर पाच मिनिटांनी व्यक्ती काय करते व कशी दिसते याची नोंद करतो. कर्मचारी तिच्या डोक्यावरून आपापसांत बोलत असतील तर तेही टिपतो. पद्धत वेळखाऊ व खर्चिक आहे, पण कागदोपत्री उत्तम असलेल्या संस्थेचे खरे रूप बहुधा तीच दाखवते.

महाराष्ट्र व गोवा : पुण्यातील डेव्हिड ससून यांच्या नावाचा निवारा १८६० च्या दशकातील मानला जातो. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची प्रोव्हेदोरिया ही सरकारी संस्था वृद्धाश्रम चालवते. महाराष्ट्रातील अनुदानित वृद्धाश्रमांची योजना १९६३ ची असून तीत प्रवेशाचे वय पुरुषांस ६० व स्त्रियांस ५५ आहे. मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ ची. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा, २००७ याच्या कलम १९ मध्ये जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण ‘स्थापन करील’ असे नव्हे, ‘स्थापन करू शकेल’ अशा शब्दांत. सेवेची मानके ठरवण्याचा अधिकार त्याच कलमाने राज्याला दिला व महाराष्ट्राने २०१० मध्ये नियम केले.

प्रत्यक्षात तपासणीचा भर रचनेवर राहतो : जागा, स्वयंपाकघर, संडास, नोंदवह्या. न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, त्यातून रात्री कूस बदलायला मावशी होती की नाही हे कळत नाही. खासगी शुल्काधारित केंद्रांबाबत छापील माहिती तुटपुंजी आहे. अशा सर्व केंद्रांना नोंदणी व किमान मानके सक्तीची करणारे, २००७ च्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. सतरावी लोकसभा विसर्जित झाल्यावर २०२४ मध्ये ते व्यपगत (आपोआप रद्द) झाले.