दोन फोटोंच्या मधला क्षण

एक मूल उडी मारतंय. फोनचं बटण दाबून धरलं म्हणून लागोपाठ दोन फोटो निघाले. एकात पाय जमिनीवर, दुसऱ्यात मूल हवेत. मध्ये काय घडलं ते कॅमेऱ्याने टिपलेलंच नाही. तरी हे दोन फोटो आज एखाद्या एआय प्रोग्रॅमला दिले तर मधली चित्रं तो स्वतः तयार करतो आणि सुरळीत व्हिडिओ हातात ठेवतो. याला म्हणतात फ्रेम इंटरपोलेशन. फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र आणि इंटरपोलेशन म्हणजे अंतर्वेशन, गणितातली जुनीच युक्ती: कोष्टकात 10 आणि 20 समोरच्या किमती असतील तर 15 समोरची अंदाजाने काढायची.

चित्रांत मात्र सरळ सरासरी फसते. दोन्ही फोटो एकमेकांत मिसळले तर अर्ध्या उंचीवरचं मूल दिसत नाही. एक भूत जमिनीवर दिसतं, एक हवेत. म्हणून आधी शोधावं लागतं की पहिल्या फोटोतला कुठला ठिपका दुसऱ्यात कुठे गेला. या सरकण्याच्या नकाशाला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. तो काढायच्या दोन गाजलेल्या रीती, हॉर्न-शंक आणि लुकास-कानडे, 1981 सालच्या आहेत. पण वस्तू थोडीशीच हललेली असेल तरच त्यांचं गणित नीट जमतं.

गूगलच्या संशोधकांनी 2022 मध्ये मांडलेलं ‘फिल्म’ नावाचं नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारा एआय प्रोग्रॅम, मोठ्या हालचालींसाठीच आहे, आणि त्यातली कल्पना मला फार आवडते. फोटो निम्मा करायचा, मग त्याच्याही निम्मा, असं लहान करत जायचं. मूळ फोटोत 64 पिक्सेल सरकलेला हात आठपट लहान फोटोत 8 पिक्सेलच सरकलेला दिसतो. म्हणजे मोठी हालचाल लहान चित्रात लहानच होते! सर्वांत छोट्या चित्रात ढोबळ अंदाज घ्यायचा आणि मोठ्या चित्रांकडे येताना तो नेमका करत जायचा.

अशा नेटवर्कला शिकवणंही सोपं. कुठल्याही व्हिडिओतल्या लागोपाठच्या तीन फ्रेम घ्यायच्या, मधली झाकायची आणि विचारायचं, इथे काय होतं? उत्तर झाकलेल्या फ्रेममध्ये असतंच.

एका मधल्या चित्राने व्हिडिओ होत नाही, म्हणून तीच कृती पुन्हा पुन्हा करतात. 2 च्या 3 फ्रेम, मग 5, 9, 17, 33. पाच फेऱ्यांत, सिनेमाच्या सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने, सव्वा सेकंदाहून जास्त व्हिडिओ. पहिल्या फेरीतली चूक मात्र पुढच्या सगळ्या फेऱ्यांच्या माथी येते. (टीव्हीतही अशाच जातीची सोय असते. तिच्यामुळे सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. मी ते सेटिंग आधी बंद करतो.)

खरी पंचाईत माहितीच नसते तिथे. हात हलला की मागची भिंत उघडी पडते. ती निदान दुसऱ्या फोटोत सापडते. पण आठ आऱ्यांचं चाक दोन फोटोंच्या मध्ये नेमकं एक अष्टमांश फिरलं तर दोन्ही फोटो सारखेच. प्रोग्रॅम चाक थांबवूनच टाकणार.

1878 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो इथे एडवर्ड मायब्रिज यांनी 12 कॅमेरे ओळीने मांडून दौडणाऱ्या घोडीचे फोटो घेतले. वाद असा होता की दौडताना चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का. सोडतात, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार मात्र तोवर पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला उडता घोडा रंगवत आले होते. तीच चित्रं दाखवून एखादं नेटवर्क शिकवलं असतं आणि मायब्रिज यांच्या फोटोंतले दोनच त्याला दिले असते, तर मधल्या जागी त्याने बहुधा तो ताणलेला घोडाच काढला असता, अगदी सुरळीत हलणारा.