डीप-स्काय फोटोतले रंग येतात कुठून? डार्करूमपासून स्टॅकिंगपर्यंतची पार्श्वभूमी

डीप-स्काय म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका अशा लांबच्या, फिक्या गोष्टी. मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे तिथल्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो कुणालाही दाखवा, पहिला प्रश्न ठरलेला असतो, हे रंग खरे आहेत का नंतर कॉम्प्युटरवर भरलेत? खरं सांगायचं तर रंग डेटामध्ये असतोच, पण तो किती आणि कसा बाहेर काढायचा हे दर पिढीने नव्याने ठरवलंय. आणि आज आपण सिरिल किंवा पिक्सइनसाइट या आकाशाच्या फोटोंवर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये जी बटणं दाबतो ना, त्यातली बरीचशी आधी डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, हाताने करायची कामं होती. हे माहीत असलं की कुठलं बटण नक्की काय करतंय ते कळतं, म्हणून हा इतिहास जरा सविस्तर लिहितोय.

तेजोमेघाचा पहिला फोटो 30 सप्टेंबर 1880 चा. न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपरने 11 इंची दुर्बिणीतून 51 मिनिटांचं एक्सपोजर देऊन मृगातला तेजोमेघ टिपला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये कॉमन नावाच्या निरीक्षकाने त्याच तेजोमेघाच्या फोटोत डोळ्याला न दिसणारे तारे पकडले, आणि 1888 च्या डिसेंबरात आयझॅक रॉबर्ट्सच्या प्लेटवर (फोटोसाठी लेप दिलेल्या काचेवर) देवयानी दीर्घिकेची सर्पिल रचना उमटली. पण या प्लेट्स मुख्यतः निळ्या प्रकाशाच्या होत्या, लाल त्यांना जवळजवळ दिसतच नव्हता. म्हणजे आज ज्या हायड्रोजन-अल्फाच्या, म्हणजे हायड्रोजन वायूच्या 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाल रेषेसाठी आपण एवढा खर्च करतो ती या सगळ्या जुन्या फोटोंतून गायब आहे!

रंगाचं ज्ञान मग आलं कुठून, तर फोटोतून नाही, वर्णपटातून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यातून. 1864 मध्ये विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट बघितला आणि त्याला ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता मोजक्या चमकदार रेषा दिसल्या. त्यातली सगळ्यात ठळक हिरवट रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून तिच्यासाठी 'नेब्युलियम' नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पिलं गेलं. दुसरीकडे नॉर्मन लॉकयर या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाचं म्हणणं की ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कड आहे. तसं असतं तर रेषा एका बाजूने पुसट दिसायला हवी होती. इथे आपलं पुणं येतं, आणि हे फार कमी लोकांना माहितीये. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली होती, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा, तिथली 20 इंची दुर्बीण त्या काळात भारतातली सगळ्यात मोठी. त्यांनी 1891 मध्ये दाखवून दिलं की मृगातल्या तेजोमेघाची ती मुख्य रेषा कुठल्याही परिस्थितीत तीक्ष्णच राहते. म्हणजे लॉकयरच्या विरोधातला पुरावा, तोही पुण्याच्या आकाशातून! वेधशाळा 1912 मध्ये बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं, पण ती रेषा मात्र राहिली. 1927 मध्ये आयरा बोवेनने कोडं सोडवलं, ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची रेषा निघाली, 500.7 नॅनोमीटर. आज आपण जिला ओ-थ्री म्हणतो आणि जिच्यासाठी वेगळा फिल्टर घेतो, तीच ही.

रंगीत फिल्म आली तरी प्रश्न लगेच सुटला नाही. लांब एक्सपोजरमध्ये फिल्मची संवेदनशीलता घसरत जाते, आणि रंगीत फिल्ममध्ये तीन थर, तिन्ही वेगवेगळ्या वेगाने घसरतात, त्यामुळे तासाभराच्या फोटोत रंग भलतीकडेच सरकतो. पालोमार वेधशाळेत विल्यम मिलरने हा सरक नीट मोजून, दुरुस्त करून 1959 मध्ये 200 इंची दुर्बिणीचे रंगीत फोटो प्रसिद्ध केले, आणि सामान्य लोकांनी मोठ्या दुर्बिणीचं रंगीत आकाश पहिल्यांदा बघितलं. हौशी लोकांनी नंतर फिल्म हायड्रोजन मिसळलेल्या वायूत गरम करून 'हायपर' करायला सुरुवात केली, फार चिकाटीचं काम होतं ते.

पण या सगळ्यात मला सर्वांत मोठा माणूस वाटतो तो डेव्हिड मॅलिन. मूळचा रसायनशास्त्रातला, 1975 मध्ये ऑस्ट्रेलियात अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत आला. त्याने रंगीत फिल्मचा नाद सोडला आणि निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून तीन वेगळ्या कृष्णधवल प्लेट्स घेऊन त्या डार्करूममध्ये एकावर एक रंगीत उतरवल्या. ही युक्ती मुळात मॅक्सवेलने 1861 मध्ये दाखवलेली, आणि आज मोनो (कृष्णधवल) कॅमेऱ्याने आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळा टिपून रंगीत फोटो करणारा प्रत्येकजण तेच करतोय.

डिटेलचं पण तसंच. तेजोमेघाचा मधला भाग प्रचंड उजळ आणि कडा जेमतेम, एका प्रिंटमध्ये दोन्ही येत नाहीत. मॅलिन काय करायचा, मूळ निगेटिव्हच्या काचेमागे फिल्म धरून तिची मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह प्रत काढायचा, काचेच्या जाडीमुळे प्रत आपोआप धूसर व्हायची, मग ती धूसर प्रत मूळ निगेटिव्हला चिकटवून दोन्हींतून प्रिंट. मोठा उजेड-अंधार एकमेकांना खाऊन टाकतो आणि बारीक तपशील तेवढा शिल्लक राहतो. अनशार्प मास्क म्हणतात तो हाच, म्हणून तर 'शार्प' करणाऱ्या टूलच्या नावात 'अनशार्प' आहे. अगदी फिक्या भागासाठी त्याची आणखी एक पद्धत होती. फिका प्रकाश इमल्शनच्या (प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी लेपाच्या) वरच्या थरात नोंदला जातो हे ओळखून तो पसरट प्रकाशात कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचा. त्यातून दीर्घिकांभोवतीची फिकी कवचं दिसली, आणि 1980 च्या दशकात मॅलिन-1 नावाची अवाढव्य पण अत्यंत फिकी दीर्घिका सापडली. प्रोसेसिंग म्हणजे सजावट असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

सीसीडी (फिल्मऐवजी प्रकाश टिपणारी इलेक्ट्रॉनिक चिप) 1969 मध्ये बेल लॅबमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी शोधला. तो आल्यावर प्रकाश आणि आकडा सरळ प्रमाणात मिळायला लागला, आणि डार्क (झाकण लावून घेतलेली फ्रेम) वजा करून आणि फ्लॅटने (एकसारख्या उजेडाच्या फ्रेमने) भागून गणिताने सफाई शक्य झाली. 1990 मध्ये हबल अंतराळ दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला, 1993 च्या दुरुस्तीपर्यंत धूसर फोटोंवर काम भागवायचं होतं, त्यातून रिचर्डसन-लुसी डीकॉन्व्होल्यूशनसारख्या (धूसरपणा गणिताने काढून टाकणाऱ्या) 1970 च्या दशकातल्या पद्धतींना खरा जोर आला. मग 1 एप्रिल 1995 ला हेस्टर आणि स्कोवेन यांनी हबलमधून 'पिलर्स ऑफ क्रिएशन' हे वायू-धुळीचे खांब टिपले. गंधकाची रेषा लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. गंधक आणि हायड्रोजन दोन्ही खरं तर लालच, डोळ्याला वेगळे दिसणारच नाहीत, म्हणून तरंगलांबीचा क्रम तसाच ठेवून रंग पसरवून दिले. या वाटपात तारे जांभळट होतात, तो फोटो मोठा करून बघा, लगेच दिसतील. यात फसवणूक काही नाही, कुठला वायू कुठे आहे याचा तो नकाशा आहे, फक्त फोटोखाली तसं लिहिलं पाहिजे एवढाच माझा आग्रह.

नंतरचं भराभर झालं. 2004 मध्ये रॉबर्ट लुप्टन आणि सहकाऱ्यांनी आर्कसिंह स्ट्रेच (फिका भाग उजळ करायचं एक गणिती सूत्र) मांडला. साधा स्ट्रेच लाल, हिरवा, निळा असा प्रत्येक चॅनेल वेगळा ताणतो, त्यामुळे ताऱ्याचा मध्य पांढराफटक पडतो. यांनी तिन्ही चॅनेलना एकच गुणक लावला, प्रमाण टिकलं, म्हणून रंगही टिकला. 2005 मध्ये कॅननने 20डीए कॅमेरा काढला, हायड्रोजनची लाल रेषा न अडवणारा. डीपस्कायस्टॅकर, म्हणजे एकाच भागाचे अनेक फोटो एकावर एक रचून (स्टॅकिंग) एक करणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळायला लागलं आणि चौपट फ्रेम्स म्हणजे दुप्पट सिग्नल-टू-नॉइज (खऱ्या प्रकाशाचं खरखरीशी प्रमाण) हे गणित घराघरात पोचलं. आपल्याकडे पावसाळ्यात आकाश बंद असतं, तेव्हा कित्येकजण मुंबईजवळच्या वांगणीला घेतलेला उन्हाळ्यातला डेटा पुन्हा काढून बसतात ते याच्याच जोरावर. आता तर गाया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या वर्णपटाशी ताडून फोटोचा रंग ठरवता येतो, अंदाजाने स्लायडर सरकवायची गरजच नाही. हिरवा काढून टाकणारं टूल मात्र जपून वापरावं असं मला मनापासून वाटतं, कारण हिरवे तारे नसतात हे खरं, पण ओ-थ्रीची हिरवट-निळी छटा खरी असते आणि ती त्याच टूलमध्ये मरते. 2022 अखेरीस आलेल्या एआय डीकॉन्व्होल्यूशनबद्दलही तेच, कमी वापरा आणि मूळ स्टॅकशी ताडून बघा.

आणि ओ-थ्रीचं महत्त्व संपलेलं नाही. ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या हौशी मंडळींनी 2022 मध्ये लहान दुर्बिणीने ओ-थ्री फिल्टरमधून देवयानी दीर्घिकेशेजारी कित्येक तासांचा डेटा गोळा केला, ताऱ्यांचा उजेड वजा केला, आणि दीर्घिकेजवळ सुमारे दीड अंश लांबीची एक कमान निघाली. आकाशात तीन पूर्ण चंद्र एका ओळीत ठेवले तर होईल एवढी. इतक्या वेळा फोटो काढलेल्या भागात ती कुणाला दिसली नव्हती, कारण ती त्या एकाच रेषेत आणि तीही अत्यंत फिकी चमकते. जानेवारी 2023 मध्ये हे प्रसिद्ध झालं. ती कमान देवयानीची आहे का आपल्याच आकाशगंगेतली, यावर अजून चर्चा चालू आहे.