भिंतीवरचा फोटो आणि ‘लॅमिनेशन’ : पार्श्वभूमी

आपण काढलेला फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचा म्हणून रविवार पेठेतल्या कुठल्याही फ्रेमवाल्याकडे गेलं, की पहिला प्रश्न येतो, ‘काच लावायची की लॅमिनेशन?’ पुण्यातल्या घरांमधले कितीतरी जुने फोटो या एका प्रश्नाच्या उत्तरावर टिकले किंवा गेले.

फोटो फ्रेम करायची आपली रीत देवांच्या तसबिरींवरून आली. १८७८ साली पुण्यात सुरू झालेल्या शिळाछाप छापखान्यातली आणि पुढे मळवलीला हललेल्या दुसऱ्या एका छापखान्यातली रंगीत चित्रं घरोघरी गेली. चित्र थेट काचेला टेकवायचं, मागे पुठ्ठा, खिळे, कागदाची पट्टी, की तसबीर कायमची बंद. छापील चित्राला हे बरंचसं चालून जातं. फोटोला चालत नाही. फोटोचा पृष्ठभाग जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन म्हणजे सरसाचीच शुद्ध जात. पावसाळ्यात दमट हवेने ते फुगतं, मऊ होतं आणि काचेला धरतं. म्हणून फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे मधून कापलेल्या जाड पुठ्ठ्याची, चौकट हवी. ती शोभेसाठी आहे असं समजून पैसे वाचवायला गाळली जाते, ही मोठी चूक.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्यात नदीकाठच्या पेठांमधले किती फोटो गेले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. आमच्या नारायण पेठेतल्या घरातल्या दोन तसबिरी वाचल्या, त्याही माळ्यावर होत्या म्हणून.

स्वतः काढलेले फोटो भिंतीवर येऊ लागले ते रंगीत लॅब गल्लोगल्ली झाल्यावर. ३६ फोटोंचा रोल धुवून मॅक्सी साइज, म्हणजे ४×६ इंच, प्रिंट मिळायच्या. निगेटिव्ह २४×३६ मिलिमीटरची, तिचं प्रमाण ४×६ शी तंतोतंत जुळायचं. तीच ८×१० वर मोठी केली की कडेचा एखादा काका अर्धा कापला जायचा. भिंतीसाठी ८×१२ मागावी लागते, हे ठाऊक असलेले थोडेच. त्याआधीच्या, सत्तरच्या दशकातल्या अनेक रंगीत प्रिंट आज तांबूस दिसतात, कारण त्या कागदातला निळसर रंग सगळ्यांत आधी उडायचा, अगदी अंधारात ठेवला तरी.

याच लॅबच्या काळात लॅमिनेशन आलं. शब्द एक आणि कामं तीन, घोळ इथेच आहे. ओळखपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून गरम रोलरमधून काढतात, ते लॅमिनेशन. प्रिंटवर नुसती पातळ फिल्म चढवतात, तेही लॅमिनेशन. आणि फ्रेमवाला म्हणतो ते लॅमिनेशन म्हणजे फोटो एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या, फळीवर गोंदाने पक्का चिकटवायचा, वर फिल्म दाबायची आणि कडा रंगवायच्या. गिऱ्हाइकाच्या मनात पहिलं किंवा दुसरं असतं, हातात पडतं तिसरं.

या तिसऱ्या लॅमिनेशनची बाजूही मांडायला हवी. काच फुटायची भीती नाही, वजन कमी, चकाकी नाही, आत कसर शिरत नाही. फ्लॅटच्या भिंतीला एका खिळ्यावर भागतं. मुलांच्या वाढदिवसाचा, सिंहगडावरच्या सहलीचा फोटो असेल आणि निगेटिव्ह कपाटात असेल, तर खुशाल करावं. पण फोटोची ती एकुलती एक प्रत असेल तर हा मार्ग परतीचा नाही. पूर्वी स्टुडिओवाले खळीने चिकटवायचे, ती निदान पाण्याने सुटायची. फळीवरचा फोटो सुटत नाही. पश्चिमेच्या भिंतीला ओल आली की एमडीएफ फुगतं, फिल्म सुटते आणि सुटताना फोटोचा थर घेऊन निघते. ‘याची दुसरी प्रत आहे का?’ एवढा एक प्रश्न दुकानात विचारला गेला असता तर अनेक आजी-आजोबांचे चेहरे राहिले असते. आमच्या आजीच्या लग्नातल्या फोटोच्या वेळी तो कुणी विचारला नाही. आज त्यावर फुगे आहेत आणि अंतरपाटाची कड फिल्मला चिकटून वर आली आहे.

डिजिटल आल्यावर प्रत्येक प्रिंटची दुसरी प्रत काढता येते, हा खरा बदल. मात्र फाइल मूळ हवी. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलचा होतो. ४×६ ला तो पुरतो, पण १८ इंचांवर ताणला की इंचाला जेमतेम ८९ पिक्सेल उरतात. जवळून पाहायच्या प्रिंटला ३०० धरतात, भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटला २०० वरही काम भागतं. इंकजेटवर छापून घेणार असाल तर शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची, आहे का ते विचारावं, डायच्या, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या, शाईपेक्षा ती जास्त टिकते.

माळ्यावरच्या दोन तसबिरींपैकी आजोबांची गेल्या वर्षी उघडायला नेली. कारागिराने खिळे उपसले, पुठ्ठा काढला, नखाने कोपरा चाचपला आणि थांबला. कपाळापासून टोपीपर्यंतचा भाग काचेला चिकटलेला होता. ‘ओढू नका, काचेसकट स्कॅन करा,’ म्हणाला. तसंच केलं. ८×१० ची नवी प्रिंट माउंट घालून, नुसत्या कोपऱ्यांवर अडकवून, काचेमागे लावली आहे. मूळ फोटो काचेसकट कपाटात आडवा ठेवला आहे.