वॉर्डात एकाच जागेचं मतदान आलं म्हणून ती पोटनिवडणूक होत नाही

इंग्लंडमधल्या रेडिंगसारख्या गावात मे महिन्यातली कौन्सिलरांची, म्हणजे इथल्या नगरसेवकांची, निवडणूक जवळ आली की हा प्रश्न ठरलेला: “आमच्या वॉर्डात तीन कौन्सिलर आहेत, मतदान मात्र एकाच जागेचं आहे. कोणी राजीनामा दिला का? पोटनिवडणूक आहे का?” नाही. कोणी राजीनामा दिलेला नाही, कोणी वारलेलंही नाही. ती नेहमीची निवडणूक आहे. आणि तेच लोक नोव्हेंबरातल्या एखाद्या गुरुवारसाठी पोलिंग कार्ड, म्हणजे मतदानाची सूचना देणारं कार्ड, आलं की “मे महिन्यात तर झालं मतदान” म्हणून ते रद्दीत टाकतात. खरी पोटनिवडणूक बहुतेक वेळा तीच असते.

पोटनिवडणूक म्हणजे काय, हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला शिकवायला नको. जागा अवेळी रिकामी होते, ती भरावी लागते. मतदाराला दिसतं तेवढं तर इथल्या नेहमीच्या निवडणुकीत आणि पोटनिवडणुकीत सारखंच असतं. केंद्र बहुधा तेच, वेळ सकाळी 7 ते रात्री 10, मतपत्रिका कागदाची, पेन्सिलने फुली मारायची. वार दोन्हींचा गुरुवारच. मे महिन्यातला पहिला गुरुवार कायद्याने ठरलेला आहे, पोटनिवडणुकीचा गुरुवार नुसत्या प्रथेने. या वरवरच्या गोष्टींत फरक शोधत बसू नका.

फरक आहे तो मुदतीत. माणसाच्या नव्हे, जागेच्या.

रेडिंग बरो कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, 16 वॉर्ड आणि 48 कौन्सिलर आहेत, प्रत्येक वॉर्डात तीन. पण तिघांची मुदत एकाच दिवशी संपत नाही. मुदत प्रत्येकी चार वर्षांची. एका वर्षी एकाची जागा निवडणुकीला येते, पुढच्या वर्षी दुसऱ्याची, त्यापुढच्या वर्षी तिसऱ्याची, आणि चौथं वर्ष कोरडं जातं. म्हणून तिथे 2023, 2024 आणि 2026 मध्ये निवडणूक झाली आणि 2025 मध्ये नाही. याला तिसऱ्या हिश्श्याची पद्धत म्हणू. जिथे बरोच्या वर काउंटी, म्हणजे जिल्हा पातळीची, कौन्सिलही असते, तिथे त्या कोरड्या वर्षी काउंटीची निवडणूक होते. रेडिंगवर काउंटी कौन्सिल नाही, त्यामुळे ते वर्ष शांततेत जातं.

रेल्वेने सतरा-अठरा मैलांवरच्या स्लाऊमध्ये सगळंच वेगळं. तिथे 2023 पासून सगळी कौन्सिल एकदम निवडली जाते, 21 वॉर्ड आणि प्रत्येकी दोन असे 42 कौन्सिलर, चार वर्षांतून एकदाच. त्यामुळे स्लाऊकराच्या दृष्टीने अधल्यामधल्या वर्षी बरो कौन्सिलच्या एखाद्या जागेसाठी मतदान आलं तर ती पोटनिवडणूकच. हाच माणूस घर बदलून रेडिंगला गेला की तोच ठोकताळा लावतो आणि फसतो. आपल्याकडची सवयही आड येते. पुण्यात एका प्रभागातले चारही नगरसेवक एकाच दिवशी निवडले जातात, त्यामुळे एका वॉर्डातले तिघे तीन वेगवेगळ्या वर्षी निवडून आलेले असू शकतात हे पटकन डोक्यात शिरत नाही.

आता पोटनिवडणूक या चौकटीत कुठे बसते ते पाहा. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला नवी चार वर्षं मिळत नाहीत. ज्याच्या जागी तो आला, त्याची उरलेली मुदत तेवढी मिळते. जागेचं घड्याळ चालूच राहतं, फक्त खुर्चीतला माणूस बदलतो. “आत्ताच तर निवडून आला, लगेच पुन्हा मत मागायला कसा आला?” या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. त्याला सव्वा वर्षाचा तुकडा मिळाला होता, तो संपला.

एक उदाहरण घेऊ. रेडिंगमधला एक वॉर्ड समजा, काळ डिसेंबर 2023. तिथल्या तीन जागांच्या मुदती अनुक्रमे मे 2024, मे 2026 आणि मे 2027 मध्ये संपणाऱ्या. एका कौन्सिलरने राजीनामा दिला. पोटनिवडणूक होणार का? याचं उत्तर तो कोणत्या जागेवर बसला होता यावर आहे. 2026 ची किंवा 2027 ची जागा असेल तर पोटनिवडणूक होऊ शकते आणि जिंकणारा अनुक्रमे 2026 किंवा 2027 पर्यंत राहील. पण 2024 ची जागा असेल तर होणार नाही. 1972 च्या स्थानिक शासन कायद्याचं कलम 89 सांगतं की, त्या कौन्सिलरची नेहमीची निवृत्ती सहा महिन्यांच्या आत येत असेल तर पोटनिवडणूक घ्यायची नाही. जागा मेपर्यंत रिकामी राहील. अपवाद एकच: रिकाम्या जागा कौन्सिलच्या एकतृतीयांशाहून जास्त झाल्या तर.

इथे लोक हमखास घसरतात. “निवडणुकीआधी सहा महिने पोटनिवडणूक होत नाही” असं सरसकट सांगितलं जातं. ते स्लाऊला लागू पडतं, कारण तिथे सगळ्यांची मुदत एकाच दिवशी संपते. रेडिंगला तसं नाही. सहा महिने मोजायचे ते त्या कौन्सिलरच्या निवृत्तीपासून मागे, पुढच्या मे महिन्यापासून नव्हे. एकाच वॉर्डात, एकाच आठवड्यात दोघांनी राजीनामे दिले तर एकाच्या जागी पोटनिवडणूक आणि दुसऱ्याची जागा रिकामी, असंही होऊ शकतं, आणि दोन्ही कायद्याला धरूनच.

याहून मोठा गोंधळ मतपत्रिकेवर होतो. वरच्याच वॉर्डात 2026 ची जागा मार्च 2024 मध्ये रिकामी झाली असं धरा. मे महिना तोंडावर आलेला, तेव्हा दोन महिन्यांत दोनदा केंद्रं उघडण्यापेक्षा दोन्ही जागा 2 मे रोजी एकत्र घेतल्या जातात. मग मतपत्रिका एकच असते, उमेदवारांची यादी एकच, आणि वर सूचना असते की दोनपेक्षा जास्त उमेदवारांना मत देऊ नका. नेहमीच्या जागेसाठी हे उमेदवार आणि पोटनिवडणुकीसाठी ते, अशी विभागणी कुठेच नसते. पुण्याच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात आणि प्रत्येक जागेचं मत वेगळं दिलं जातं. तसं इथे काही नाही.

पहिल्या क्रमांकावर आलेल्याला लांब मुदत मिळते, म्हणजे 2028 पर्यंत. दुसऱ्या क्रमांकावरच्याला तुटका तुकडा, 2026 पर्यंत. पोटनिवडणूक कोण लढवत होतं हे मतमोजणीनंतरच कळतं. म्हणून अशा वेळी “मी पोटनिवडणुकीचा उमेदवार आहे” असं दारात येऊन कोणी सांगत असेल तर ते खुशाल सोडून द्या.

दोन फुल्या म्हणजे पहिली पसंती आणि दुसरी पसंती, हाही एक हट्टी गैरसमज. 1 आणि 2 असे आकडे घालू नका. दोन्ही फुल्या सारख्या वजनाच्या असतात. एकच फुली मारली तरी मत वैध, फक्त दुसरं मत वाया गेलं. तीन मारल्या तर सगळी मतपत्रिका बाद.

आता पोटनिवडणूक सुरू कशी होते. जागा रिकामी झाली की आपोआप तारीख लागते, हे खरं नाही. मृत्यू किंवा राजीनामा असेल तर कौन्सिलच्या हद्दीतल्या दोन मतदारांनी जागा रिकामी असल्याची लेखी सूचना संबंधित अधिकाऱ्याला द्यावी लागते. ते दोघे त्याच वॉर्डातले असण्याची गरज नाही. सूचना मिळाल्यापासून 35 दिवसांत मतदान घ्यायचं, आणि हे दिवस कामाचे मोजायचे: शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे वगळून, म्हणजे कॅलेंडरवर सात आठवडे. वरच्या उदाहरणात 2 मेपासून मागे मोजत गेलं आणि ईस्टरच्या सुट्ट्या सोडल्या तर मार्चचा दुसरा आठवडा येतो. त्याच्या आधी दोघांनी सूचना दिली असती तर मेपर्यंत थांबता आलं नसतं. राजकीय पक्ष हे गणित पाठ करून असतात. सूचना कधी टाकायची यावर मतदान ख्रिसमसच्या आधी थंडीत होणार की मे महिन्यात, हे ठरतं. आणि ती दोन पत्रं बहुतेक वेळा पक्षाच्याच माणसांची असतात. कोणीच लिहिलं नाही तर जागा तशीच राहते. “कौन्सिल पोटनिवडणूक घेत नाही” अशी ओरड करण्याआधी कोणी सूचना दिली आहे का, एवढं विचारावं.

सलग सहा महिने एकाही बैठकीला न आल्यामुळे किंवा अपात्र ठरल्यामुळे जागा गेली असेल तर मात्र कौन्सिल स्वतः ती रिकामी जाहीर करते आणि 35 दिवस तिथून सुरू होतात. राजीनाम्याचंही एक लक्षात ठेवा: लेखी राजीनामा योग्य अधिकाऱ्याच्या हाती पडला की लागू झाला, “रागाच्या भरात दिला” म्हणून तो मागे घेता येत नाही.

कशाने पोटनिवडणूक होत नाही, हेही सांगून टाकू. पक्ष बदलल्याने होत नाही. महाराष्ट्रात नगरसेवकांसाठी 1986 चा पक्षांतरविरोधी कायदा आहे. इंग्लंडमध्ये कौन्सिलर सकाळी एका पक्षात आणि संध्याकाळी दुसऱ्या पक्षात गेला तरी जागा त्याचीच राहते. सह्यांची मोहीम काढूनही होत नाही. खासदाराला परत बोलावण्याचा 2015 चा कायदा आहे, पण तो कौन्सिलरला लागू नाही. आणि प्रचाराच्या काळात एखादा उमेदवार वारला तर मतदान रद्द होऊन नव्याने घेतलं जातं. तीही पोटनिवडणूक नव्हे, तीच निवडणूक पुन्हा सुरू होते.

सगळ्यात डोकं उठवणारी गोष्ट टाऊन कौन्सिलची, म्हणजे बरोच्या खालच्या छोट्या गावपातळीच्या कौन्सिलची. रेडिंगला खेटून असलेल्या अर्ली आणि वुडली या गावांत टाऊन कौन्सिल आहे आणि तिच्यावर वोकिंगहॅम बरो कौन्सिल. कचरा, शाळा, रस्ते बरोकडे. मैदानं, सभागृहं, शेतीचे छोटे वाफे अशी कामं टाऊनकडे. दोन्हींच्या सभासदांना कौन्सिलरच म्हणतात, पण जागा भरायचे नियम वेगळे. टाऊन कौन्सिलची जागा रिकामी झाली की तशी जाहीर नोटीस लागते. त्यानंतर कामाच्या 14 दिवसांत दहा मतदारांनी लेखी मागणी केली तरच निवडणूक होते. नाहीतर कौन्सिल स्वतःच कोणालातरी घेते, मतदान न होता. बरो कौन्सिलमध्ये असं घेता येत नाही, तिथे निवडून यावंच लागतं.

या घेतलेल्या सभासदाला आपली मंडळी “स्वीकृत नगरसेवक” म्हणतात, आणि तिथेच चूक होते. महाराष्ट्रातल्या स्वीकृत नगरसेवकाला सभागृहात मतदानाचा हक्क नसतो. टाऊन कौन्सिलने घेतलेल्याला पूर्ण हक्क असतो, निवडून आलेल्याइतकाच. आणि त्याचीही मुदत तीच, आधीच्या माणसाची उरलेली. त्यामुळे 14 दिवसांची नोटीस बघून न बघितल्यासारखी करू नका. सूचनाफलकावर ती साध्या ए-फोर कागदावर असते आणि कुत्रा हरवल्याच्या चिठ्ठीशेजारी सहज नजरेतून सुटते.

मतदान कोणाला करता येतं, यात निवडणूक आणि पोटनिवडणूक असा भेद नाही. भारतीय पासपोर्टवर, व्हिसावर राहणाऱ्यालाही कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालता येतं आणि दोन्हींत मत देता येतं. उभं राहायचं असेल तर मात्र कायम वास्तव्याची परवानगी लागते. अनामत रक्कम नाही, सूचक आणि अनुमोदक मिळून दोन सह्या पुरतात, आणि अर्ज मतदानाच्या कामाच्या 19 दिवस आधी दुपारी 4 पर्यंत द्यायचा. मतदार नोंदणीची शेवटची तारीख मतदानाच्या कामाच्या 12 दिवस आधी, मध्यरात्रीपर्यंत. पोटनिवडणुकीत हीच तारीख हुकते, कारण मे महिन्यासारखी जाहिरात नसते आणि तोवर कार्डही रद्दीत गेलेलं असतं.

केंद्रावर 2023 पासून फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, फक्त फोटो ओळखू यायला हवा. ब्रिटिश लायसन्स चालतं, भारतातलं नाही. ओसीआय कार्ड यादीत नाही. यातलं काहीच नसेल तर मतदार ओळखपत्र फुकट मिळतं, पण त्याचा अर्ज मतदानाच्या कामाच्या सहा दिवस आधी संध्याकाळी 5 च्या आत पोचायला हवा.